ऑपरेशन झालं, आता पुढं?

“डॉक्टर कोण होते? हाताला यश आहे का त्यांच्या?” घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच निघतो. त्यात चूक काहीच नाही. शस्त्र चालवणारा हात चांगला हवाच. पण मैत्रिणींनो, एकाच डॉक्टरांनी, एकाच आठवड्यात, एकच ऑपरेशन केलेल्या दोन बायका तुम्हीही पाहिल्या असतील. एक तिसऱ्या दिवशी घरी येते आणि महिना-दीड महिन्यात हळूहळू संसाराला लागते. दुसरीच्या टाक्यांतून पाणी येतं, ताप येतो, रोज रिक्षा करून ड्रेसिंगला जावं लागतं, आणि दोन महिने झाले तरी बाई उठून धड उभी राहत नाही. हात तोच, खोली तीच, मग हा फरक का?

“नशीब एकेकीचं,” असं म्हणून आपण मोकळ्या होतो. डॉक्टर मंडळी मात्र या प्रश्नामागे बरीच वर्षं हात धुऊन लागली आहेत आणि त्यांना सापडलेली उत्तरं पाहिली की नशिबाचा वाटा आपण समजतो तेवढा मोठा नाही, असं दिसतं. बऱ्याच गोष्टी ऑपरेशनच्या टेबलावर पडायच्या आधीच ठरलेल्या असतात, आणि बऱ्याच घरी परतल्यावर ठरतात. मधला तास-दोन तासांचा भाग तेवढा सर्जनच्या हातातला.

हा विषय किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देते. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अंदाज प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरच्या तीस दिवसांत जगभरात दरवर्षी किमान ४२ लाख माणसं दगावतात. मलेरिया, क्षय आणि एड्स या तिन्ही रोगांनी मिळून जेवढे मृत्यू होतात त्याहून हे जास्त. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. कोट्यवधी ऑपरेशनं सुखरूप होतात आणि त्यांतून माणसं वाचतात. पण ‘टाके घातले, काम झालं’ असं जे आपण समजतो, ते तसं नसतं एवढंच.

आपल्या महाराष्ट्रातलं एक गाजलेलं ऑपरेशन आठवा. जानेवारी १९२४. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि त्यांचं अपेंडिक्स बिघडलं. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. मध्येच वादळी पावसानं वीज गेली आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं. गोष्ट बहुतेक इथंच संपवतात. पण मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशन यशस्वी झालं खरं, तरी गांधीजी लगेच उठून कामाला लागले नाहीत. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांची सुटका केली, आणि त्यानंतर ते जुहूला समुद्राकाठी चांगले मे महिन्यापर्यंत विश्रांतीला राहिले. देशाची चळवळ खोळंबली होती, तरी राहिले. आपल्याकडे घरातली बाई सातव्या दिवशी कणीक मळायला बसते. कुणी बसवलं म्हणून नव्हे, बहुतेक वेळा स्वतःहूनच!

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तर ऑपरेशननंतर जगणं हाच चमत्कार होता. भूल देऊन ऑपरेशन करता येतं हे बोस्टन शहरात १८४६ साली जगाला दिसलं. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी हात धुवायला लावले आणि बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायकांची संख्या धाडकन खाली आली. बिचाऱ्याला त्याच्याच जातभाईंनी वेड्यात काढलं. पुढं १८६७ मध्ये लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लानं जखमा जंतुमुक्त ठेवायची रीत लिहून काढली, तेव्हा कुठं सर्जन मंडळी हात धुऊ लागली. म्हणजे ऑपरेशनचा निकाल बदलला तो सुरी अधिक धारदार झाली म्हणून नव्हे, साबण-पाण्यानं.

आजही तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशन थिएटरसाठी एक साधी यादी काढली. रुग्ण तीच आहे ना, ऑपरेशन कोणत्या बाजूचं, तिला कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, अँटिबायोटिक वेळेवर दिलं का, शेवटी बोळे आणि हत्यारं मोजून बरोबर भरली का, हे सगळं मोठ्यानं विचारायचं आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं. आपण प्रवासाला निघताना गॅस बंद, नळ बंद, कुलूप ओढून पाहिलं म्हणतो ना, अगदी तसं. जगातल्या आठ शहरांत, त्यांत आपली दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आलं.

आणि घाई केली की काय होतं याचंही उदाहरण दूरचं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ कुटुंबनियोजनाच्या शिबिरात एकाच दिवशी काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकण्यात आली. तेरा जणी दगावल्या. सगळ्या तरुण, लेकुरवाळ्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं बंद करायला सांगितली.

आता आपल्या गावाकडे वळू. कल्याणात महापालिकेचं बाई रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीला शास्त्रीनगर, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. शिवाय गल्लोगल्ली दहा-पंधरा खाटांची खाजगी नर्सिंग होम्स. कुठं जायचं हे ज्याच्या त्याच्या खिशावर आणि ओळखीवर. पण आत शिरताना फरशी किती चकचकीत आहे यापेक्षा दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. रात्री डॉक्टर हजर असतात का? रात्रपाळीला किती सिस्टर? रक्त लागलं तर कुठून येतं? आणि काही बिघडलंच तर पेशंटला हलवणार कुठं? पत्रीपुलावर नाहीतर शीळफाट्याच्या रस्त्यावर संध्याकाळी अडकलेली अॅम्ब्युलन्स आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मोठं, जोखमीचं ऑपरेशन असेल तर ते पहिल्यापासूनच अतिदक्षता विभाग असलेल्या जागी केलेलं बरं.

सिस्टरांचं विचारायला मी मुद्दाम सांगितलं. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यातल्या दीडशेहून अधिक रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली झाला. एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट जरी जादा आला, तरी ऑपरेशननंतर महिन्याभरात पेशंट दगावण्याचा धोका सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. धोका डॉक्टरच्या राउंडला नसतो हो! तो रात्री दोन वाजता असतो, जेव्हा बीपी हळूहळू उतरत असतं आणि ते पाहणारं कुणीतरी जागं असावं लागतं. सर्जनची फी विचारताना आपण मागे-पुढे पाहत नाही. सिस्टर किती हे विचारायचं कुणाला सुचतही नाही.

पेनसिल्व्हानियाचं नाव निघालं की कल्याणकरांना दुसरीच आठवण यायला हवी. १८६५ साली इथं कल्याणात जन्मलेली यमू, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशी, त्याच राज्यातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची फार गरज आहे, हे त्यांनी १८८३ साली परदेशी निघण्यापूर्वी भर सभेत सांगितलं. बायका पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं सांगत नाहीत, हे त्या काळचं मोठं दुखणं होतं. परत येऊन त्यांना काम करायला मिळालंच नाही. १८८७ मध्ये क्षयानं त्या गेल्या, पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती.

आज लेडी डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. पण न सांगण्याची सवय? ती आहे तशीच आहे. आणि ऑपरेशनच्या बाबतीत या सवयीइतकं महाग काही पडत नाही.

सगळ्यांत आधी रक्त घ्या. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन बाराच्या खाली म्हणजे कमी. आता गंमत अशी की पिशवीच्या गाठींमुळे जिच्या अंगावरून महिनोन् महिने जास्त जातं, तिचंच हिमोग्लोबिन आठ-नऊ असतं, आणि ऑपरेशनही तिचंच व्हायचं असतं. रक्त कमी म्हणजे जखमेला प्राणवायू कमी. जखम भरायला वेळ, जंतूंना रान मोकळं, वर बाहेरचं रक्त चढवण्याची वेळ येण्याची शक्यता जास्त. ऑपरेशन तातडीचं नसेल तर डॉक्टर महिना-दीड महिना लोहाच्या गोळ्या देतात, कधी सलाईनमधून लोह देतात आणि मग तारीख धरतात. तेव्हा “सुट्टीत उरकून टाकू, मुलांची परीक्षा संपली आहे,” असं म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये. गूळ-शेंगदाणे आणि खजूर खावेत, चांगलेच आहेत. पण नुसत्या तेवढ्यानं आठाचे बारा होत नाहीत. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर घेतली तर तिच्यातलं लोह अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे तर सकाळची गोळी चहाच्या कपाबरोबरच तोंडात जाते!

दुसरी लपवालपवी मशेरीची. कोकणातून, देशावरून आलेल्या कितीतरी घरांत सकाळी दात घासायला भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड लागते. आजी लावते, सासू लावते, सूनही कधीतरी चोरून लावते. डॉक्टरांनी विचारलं, “तंबाखू, सिगारेट काही?” की बाई मान हलवून ‘नाही’ म्हणते. तिच्या मते ते खरंच असतं. मशेरी म्हणजे तंबाखू हे तिच्या ध्यानीमनीही नसतं. पण निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातंच, आणि त्यानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जखमेच्या कडांना रक्तच पुरेसं पोचलं नाही तर कडा जुळणार कशा? धूम्रपान करणाऱ्यांच्या अभ्यासात ऑपरेशनआधी निदान चार आठवडे सोडलं तर त्रास कमी होतो असं दिसलं आहे. तेव्हा घरातल्या पुरुषाचं हर्नियाचं ऑपरेशन असेल तर त्याची विडी-सिगारेट, आणि आपलं असेल तर मशेरीची डबी, महिनाभर आधी घराबाहेर गेलेली बरी. ऑपरेशननंतर परत आत आणली नाहीत तर आणखीच उत्तम.

मधुमेहाचंही तसंच. आदल्या आठवड्यात गोड बंद करून साखर कमी दाखवता येते, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी असते, तिला फसवता येत नाही. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आळसावतात आणि टाके पिकतात.

आणखी एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही म्हणून सांगते. गुडघेदुखीवर, दम्यावर कुठून कुठून मिळणाऱ्या पुड्या असतात, “आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही,” म्हणून दिलेल्या. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. महिनोन् महिने स्टिरॉइड पोटात गेलं असेल तर जखम उशिरा भरते आणि ऑपरेशनच्या वेळी बीपी एकाएकी उतरू शकतं. म्हणून घरात जे जे काही घेता, ती बीपीची गोळी असो, रक्त पातळ करण्याची असो, काढा असो की पुडी, ते सगळं एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांपुढे ओतावं. लाजू नये. कोणती गोळी ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायची आणि कोणती आठवडाभर आधी थांबवायची, हे त्यांनाच ठरवू द्या.

मुळात ऑपरेशन हवंच आहे का, हाही प्रश्न आहेच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची हकिकत २०१९ साली बाहेर आली आणि सगळं राज्य हादरलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पुष्कळजणी तिशी-पस्तिशीच्या आतल्या. एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड लावतो, पाळीच्या चार दिवसांत कोयता चालवायचा कसा, उसाच्या फडात ना पाणी ना आडोसा. त्यातून कुणीतरी ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली की बाई उचल घेऊन ऑपरेशन करून मोकळी. पुढं पाठदुखी, अंग गरम होणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं तिच्या वाट्याला. बीजकोशही काढून टाकले तर हे लवकरच सुरू होतं. शहरातल्या बायकांना कोयता धरायचा नसतो, पण “मुलं झाली ना, मग ठेवायची कशाला पिशवी? कटकट गेली!” हे वाक्य आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला कचरू नये. तो आपला हक्क आहे. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे महाराष्ट्रातल्या खाजगी नर्सिंग होम्सनी रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. वेटिंग रूममध्ये बसल्या बसल्या ती वाचावी.

ऑपरेशनच्या दिवशीच्या काही बारीक गोष्टी. घरी ब्लेडनं केस काढू नयेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. काढायचेच असतील तर तिथं मशीननं कातरतात. साबण लावून स्वच्छ आंघोळ मात्र जरूर करावी. नखांचा रंग पुसावा, कारण बोटाला लावतात तो चिमटा नखातूनच रक्तातला प्राणवायू मोजतो. उपाशीपोटी राहायचं म्हणजे आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही, असं आता मानत नाहीत. साधारणपणे जेवण सहा ते आठ तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुमच्या पेशंटला काय सांगितलं आहे तेच पाळा. “एवढासा चहा घेतला तर काय होतंय,” म्हणून लपूनछपून चहा पाजणारी एखादी मावशी प्रत्येक घराण्यात असते. भुलेत तो दुधाचा चहा उलटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं.

आणि मंगळसूत्र. याच्यावरून थिएटरच्या दारात रडारड होताना मी पाहिली आहे. सिस्टर काढायला सांगतात, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी, बाई आधीच घाबरलेली. कारण साधं आहे. रक्त थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावर धातू असला तर तिथं भाजण्याचा धोका असतो. शिवाय हात-पाय सुजले की बांगड्या, जोडवी रुततात. आदल्या दिवशीच घरी देवापुढं काढून ठेवावं, नवऱ्याच्या खिशात ठेवावं, जसं मनाला बरं वाटेल तसं. दारात ऐनवेळी नको एवढंच.

ऑपरेशन झाल्यावर ‘पडून राहा, हलू नको’ ही आपली जुनी माया. ती आता मागे घ्यायला हवी. १९९० नंतर डेन्मार्कच्या केहलेट नावाच्या सर्जननी दाखवून दिलं की वेदना नीट आटोक्यात ठेवून पेशंटला लवकर उठवलं, लवकर खाऊ-पिऊ घातलं, तर तो लवकर आणि कमी त्रासात घरी जातो. आडवं पडून राहिलं की पायांच्या शिरांत रक्त साकळतं. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो. उथळ श्वासानं छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा, पुष्कळदा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी, कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावं आणि चार पावलं टाकावीत. पोटावर उशी दाबून खोकावं म्हणजे टाके दुखत नाहीत. ते तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र देतात ना, त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. निम्म्या बायका फुंकतात!

दुखणं सहन करण्यात आपल्याला फार भूषण वाटतं. ‘सोसलं तिनं, हूं की चूं केलं नाही.’ पण दुखतं म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही. तेव्हा वेदना कमी करणारी गोळी वेळेवर मागून घेणं हे लाडावणं नव्हे, तो औषधाचाच भाग आहे.

खाण्यापिण्याबद्दल तर वॉर्डात जितक्या आज्या तितकी शास्त्रं. भात खाल्ला की पू होतो, आंबट चालत नाही, डाळ वातूळ, वांगं तर नावच नको. मग बिचारी आठ दिवस पेज आणि चहा-बिस्किटावर. जखम भरायला लागतात प्रथिनं, आणि कातडी जोडणारा धागा विणायला लागतं क जीवनसत्त्व, जे नेमकं लिंबू, आवळा, पेरू अशा ‘आंबट’ फळांतच असतं. डॉक्टरांनी खायला परवानगी दिली की मऊ भात-वरण-तूप-लिंबू, मुगाची खिचडी, दही, दूध, चालत असेल तर अंडं, मासळी, सगळं थोडं थोडं करून द्यावं. पू होतो तो जंतूंनी; भातानं नव्हे. ज्यांना मूत्रपिंडाचा, मधुमेहाचा त्रास आहे त्यांचं पथ्य अर्थातच वेगळं. कुंथावं लागू नये म्हणून पाणी भरपूर, पपई, गरज पडली तर इसबगोल.

भेटायला येणाऱ्यांविषयी काय लिहावं! कल्याणसारख्या गावात अख्खी चाळ येते. प्रेमानंच येते. पण दहा जणांनी खाटेवर बसून, पेशंटच्या हाताला हात लावून, बरोबरच्या सर्दी झालेल्या पोराला मांडीवर घेऊन गप्पा मारायच्या म्हणजे सेमेलवाइसच्या आत्म्याला काय वाटत असेल! दोघांनी यावं, हात धुऊन यावं, दहा मिनिटांत उठावं, आणि जमलं तर जाताना घरच्यांसाठी डबा ठेवून जावं. पेशंटला मात्र उजेड आणि शांतता द्यावी. १९८४ साली एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध झाला. तोही पेनसिल्व्हानियातल्याच एका रुग्णालयाचा. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर नुसती विटांची भिंत असलेल्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांना दुखण्यावरची कडक औषधंही कमी लागली. घरी आल्यावर बाईची खाट माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात टाकण्याऐवजी खिडकीशी टाकायला पैसे पडत नाहीत.

खरी परीक्षा घरी आल्यावरच. आपल्याकडच्या जुन्या इमारती चार-चार मजल्यांच्या, लिफ्ट नाही. पाणी सकाळी ठराविक वेळेलाच. बाई तिसऱ्या मजल्यावर चढून आलेली असते, ते एकवेळ चालतं, सावकाश चढलं तर. पण भरलेली बादली? सुमारे पंधरा किलो! कातडीवर टाके सुकलेले दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं जखम भरली. आतलं चित्र वेगळं असतं. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळच्या पावपट-तिसाव्या टक्क्याच्या आसपासच असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांपर्यंत येते, पूर्ण कधीच होत नाही. अशात पाण्याचा हंडा, गव्हाचा डबा, गॅसचं सिलिंडर किंवा तीन वर्षांचं पोर उचललं तर आतला टाका सैल होतो आणि वर्षा-सहा महिन्यांनी तिथं फुगवटा दिसायला लागतो. मग हर्नियाचं दुसरं ऑपरेशन. पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर सहा आठवडे तरी जड उचलायचं नाही. दुर्बिणीतून केलेलं असलं तर दिवस कमी लागतात, पण ते आपल्या मनानं ठरवू नये. पोटावर भोकं तीनच असली तरी आत काढलेलं तेवढंच मोठं असतं.

आमच्या ओळखीच्या एका घरात यावर छान तोड निघाली. ऑपरेशनच्या आधीच घरच्यांनी बसून कामं वाटून घेतली. पाणी नवऱ्यानं भरायचं, पोळ्या महिनाभर बाहेरच्या बाईंकडून, भाजी सासूबाईंनी बसून निवडायची, मुलीनं शाळेतून आल्यावर भांडी लावायची. सासूबाई पहिले चार दिवस कुरकुरल्या. पण पाचव्या दिवशी शेजारणीला त्याच सांगत होत्या, “आमच्याकडे सुनेला बादली उचलायला बंदी आहे हो!”

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनी एक हिशेब वेगळा करावा. ऑफिसात खुर्चीवर बसून काम करायचं, तर तीन-चार आठवड्यांनी ते जमतंही. पण कल्याणहून सीएसएमटीला जाणं म्हणजे नुसतं बसून काम नव्हे. जिना, पूल, सकाळच्या फास्ट लोकलच्या डब्यात पोटावर बसणारं कोपर, तासभर उभं राहणं. डॉक्टरांना नुसतं “कामावर कधी जाऊ?” असं विचारलं तर ते खुर्चीचा विचार करून सांगतात. “लोकलनं कधी जाऊ?” असं विचारा. रिक्षाचंही तेच, पावसाळ्यात खड्ड्यांतून पहिले पंधरा दिवस जितकं टळेल तितकं टाळावं.

डिस्चार्जचा कागद औषधाच्या दुकानात विसरू नका. त्यावर काय ऑपरेशन केलं, काय काढलं, तपासणीला काय पाठवलं, टाके कधी काढायचे, हे सगळं लिहिलेलं असतं. काढलेल्या भागाचा तपासणीचा अहवाल आठ-दहा दिवसांनी येतो आणि तो आणायला पुष्कळजण जातच नाहीत. तो आणावा, डॉक्टरांना दाखवावा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवावा.

आणि पुढच्या खुणा एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. थंडी वाजून ताप. टाक्यांभोवती वाढत जाणारी लाली, घाण वासाचं पाणी किंवा पू. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. एकाएकी धाप लागणं किंवा छातीत कळ. पोट फुगून सतत उलट्या. लघवी न होणं. अंगावरून तासाभरात पॅड भिजेल इतकं जाणं. यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, ‘उगाच डॉक्टरांची झोप कशाला मोडा’ म्हणायचं नाही. कागदाच्या वर रुग्णालयाचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर आणि खाली १०८, अॅम्ब्युलन्सचा. नंबर बरोबर आहे ना, हे डिस्चार्जच्या दिवशी तिथूनच एकदा लावून पाहावं.